पहारेकऱ्याला ठिगळ

चंद्रपूरच्या परकोटाला चार दरवाजे आणि पाच खिडक्या आहेत. जटपुरा, बिनबा, पठाणपुरा आणि अंचलेश्वर हे दरवाजे. खिडक्यांची नावं हनुमान, विठोबा, बगड, मसाण आणि... चोर. हो, चोर खिडकी! ज्यानं हे नाव ठेवलं त्याला आमच्या धंद्यात लगेच नोकरी मिळाली असती. खांडक्या बल्लाळशहानं पाया घातलेला हा परकोट मोठा खरा, पण आत यायच्या वाटा नऊच, त्यामुळे पहारा कुठे बसवायचा हा प्रश्न सोपा. मे १८१८ मध्ये इंग्रजांनी तोफांनी तटालाच खिंडार पाडून चांदा घेतलं. भिंत फुटली, शत्रू आत आला, हे कुणालाही समजतं. पण पहारेकऱ्याच्या डोळ्यांतूनच शत्रू आत शिरला तर? किल्ल्यांच्या इतिहासात असलं काही मी वाचलेलं नाही. नेटवर्कच्या इतिहासात मात्र हे झालंय, आणि एकदा नाही.

आधी पहारेकरी म्हणजे कोण ते सांगतो. नेटवर्कवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे स्नॉर्ट, झीक, वायरशार्क आणि त्यांची भावंडं. फायरवॉल बंद पोर्टवर आलेलं पॅकेट सरळ फेकून देतो. हा बाबा मात्र ते उघडून वाचतो, कारण वाचणं हेच त्याचं काम. वेब, मेल, चॅट, फाइल शेअरिंग, जगातला प्रत्येक प्रोटोकॉल त्याला कळला पाहिजे, म्हणून प्रत्येकासाठी एक वेगळा पार्सर. आणि हे पार्सर वर्षानुवर्षं सी भाषेत लिहिलेले, कारण वेग हवा. पॅकेटमध्ये लिहिलेलं असतं 'माझी लांबी दहा', त्यावर विश्वास ठेवून दहाची जागा करायची आणि आत निघतात पाचशे. बाकीची चारशे नव्वद अक्षरं शेजारच्या मेमरीत सांडतात, आणि ती कुणी विचारपूर्वक लिहिली असतील तर मशीन त्याच्या ताब्यात. यात गंमत (?) अशी की हल्लेखोराला या पहारेकऱ्याशी जोडणीसुद्धा करावी लागत नाही. त्याच्या समोरून एक पॅकेट गेलं तरी पुरतं.

हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं असं नाही. व्हर्न पॅक्सन यांनी लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत १९९५ च्या सुमारास 'ब्रो' लिहायला घेतलं. ऑर्वेलच्या बिग ब्रदरवरून हे नाव, २०१८ मध्ये बदलून झीक झालं. त्यावरच्या १९९८ च्या निबंधात हल्लेखोर खुद्द टेहळणी यंत्रणेवरच हल्ला कसा करेल याचा स्वतंत्र विचार आहे. त्याच वर्षी मार्टिन रॉश यांनी स्नॉर्ट काढलं. फुकट आणि हलकं असल्यामुळे ते घरोघरी पोचलं. (घरोघरी म्हणजे आमच्यासारख्यांच्या.)

मग मार्च २००३ मध्ये स्नॉर्टच्या आरपीसी वाचणाऱ्या भागात भोक सापडलं. शोधलं कुणी, तर आयएसएस नावाच्या कंपनीनं, जी स्वतः अशीच टेहळणीची उत्पादनं विकायची. पुढच्याच महिन्यात स्नॉर्टमध्ये दुसरं भोक निघालं. दोन्हींना ठिगळं लागली, नव्या आवृत्त्या आल्या.

एका वर्षानं पाळी आली आयएसएसचीच. आयसीक्यू आठवतंय का? ते चॅट करताना 'अ-ओ' वाजायचं ते. आयएसएसच्या ब्लॅकआइस आणि रिअलसिक्युअरमध्ये आयसीक्यूची पॅकेटं वाचणारा जो तुकडा होता, त्यात ईआय या कंपनीला चूक सापडली. १८ मार्च २००४ ला ती जाहीर झाली, दुरुस्ती उपलब्ध होती. दोन दिवससुद्धा झाले नाहीत आणि विटी नावाचा वर्म सुटला. आपल्याकडे २० मार्चच्या शनिवारी सकाळचे सव्वादहा वाजले होते, दुसऱ्या दिवशी पाडवा. आपली सर्ट-इन सुरू होऊन जेमतेम दोन महिने झाले होते. पाऊण तासात सुमारे बारा हजार मशीन, म्हणजे सापडण्यासारखी होती ती जवळजवळ सगळी, विटीनं घेतली. तो पुढे पॅकेटं पाठवत राहायचा आणि मधूनमधून हार्ड डिस्कवर कुठेही कचरा लिहायचा, मशीन मरेपर्यंत.

ही बारा हजार मशीन कुणाची होती याचा विचार करा. ज्यांनी सुरक्षेची काहीच काळजी घेतली नव्हती, त्यांच्या केसालाही धक्का लागला नाही. पैसे मोजून पहारेकरी ठेवला होता, तेच गेले! पुढे अभिषेक कुमार, पॅक्सन आणि निकोलस वीव्हर यांनी विटीच्या रँडम आकड्यांचं गणित उलटं सोडवून तो पहिल्यांदा कुठल्या मशीनवरून सुटला तिथपर्यंत माग काढला. वेळ मिळाला तर ते जरूर वाचा, एखाद्या रहस्यकथेच्या तोंडात मारेल असं आहे.

विटीनंतर सगळे शहाणे झाले असतील असं वाटतं ना? स्नॉर्टमध्ये २००५ मध्ये एका यूडीपी पॅकेटनं मशीन हातात देणारं भोक निघालं, २००७ मध्ये आणखी एक. दोन्ही शोधणारे आयएसएसचे नील मेहता, ज्यांचं नाव पुढे २०१४ मध्ये हार्टब्लीडमुळे सगळ्यांना कळलं.

ठिगळ तयार असतं, मग लोक ते लावत का नाहीत? आळस हे उत्तर अर्धंच खरं आहे. टेहळणीचं यंत्र वाहतुकीच्या वाटेवरच बसवलेलं असेल तर ते रीस्टार्ट करायचं म्हणजे वाट बंद. वीजनिर्मिती केंद्रासारख्या ठिकाणी तर 'आज रात्री करून टाकू' असं म्हणताच येत नाही. चंद्रपूरचं महाऔष्णिक केंद्र २९२० मेगावॉटचं, आणि तिथून पडघ्यापर्यंत साडेसातशे किलोमीटरची एचव्हीडीसी लाइन १९९९ पासून मुंबईकडे वीज नेतेय. अशा ठिकाणचं कंट्रोल नेटवर्क इंटरनेटपासून तोडलेलं असावं, हा नियमच. पण तोडलं की ठिगळही आपोआप येत नाही, ते तपासून हातानं आत न्यावं लागतं.

१२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची वीज गेली, लोकल थांबल्या. मार्च २०२१ मध्ये तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी महाराष्ट्र सायबरचा प्राथमिक अहवाल मांडला: चौदा ट्रोजन, आणि परक्या सर्व्हरवरून आत आला असावा असा आठ जीबी बेहिशेबी डेटा. केंद्रानं मानवी चूक म्हटलं. वाद चीन की चूक यावरच रंगला. मला मात्र त्या आठ जीबीपाशी थांबावंसं वाटतं. असा डेटा नंतर मोजता येतो तो कुणीतरी आधी लॉग ठेवले म्हणून. आणि पहारेकरीच फितूर झालेला असेल तर त्या लॉगवर तरी भरवसा कसा ठेवायचा?

त्यात ठिगळाचीही खात्री राहिलेली नाही. २०२० मध्ये सोलरविंड्सच्या ओरायन या नेटवर्क मॉनिटरिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटमध्येच चोर बसून आला, आणि सुमारे अठरा हजार ग्राहकांनी तो शिस्तीत, वेळेवर उतरवून घेतला. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकच्या अपडेटनं पंच्याऐंशी लाख विंडोज मशीन झोपवली, विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास निघाले. त्यात हल्लेखोर कुणीच नव्हता. एकवीस रकाने अपेक्षित होते आणि आले वीस. पुन्हा तेच, पार्सर!

तरीसुद्धा माझं मत असं, की सगळ्यात आधी ठिगळ पहारेकऱ्यालाच लागलं पाहिजे. आधी एका मशीनवर, तासभर बघून मग बाकीच्यांवर. आणि शक्य तिथे त्याला फक्त कान द्यावेत, तोंड नको. पॅकेटची नक्कल टॅपवरून एकाच दिशेनं घ्यायची, म्हणजे तो गेला तरी त्या वाटेनं एक बाइटसुद्धा बाहेर पाठवू शकणार नाही.

पुण्या-मुंबईत हे करायला शिफ्टमध्ये माणसं असतात. गडचिरोलीत पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. पाणी पुलावरून उतरेपर्यंत थांबायचं, मग रस्ता, मग लाइन, मग कधीतरी अपडेट. विटीनं दोन दिवससुद्धा दिले नव्हते.