चॉकलेट, इन्शुलिन आणि श्रमिकाचे शरीर

चॉकलेटसारखा खाऊचा विषय घेऊन कामगार चळवळीतला माणूस व्याख्यानमालेत उभा राहावा, याचे काही श्रोत्यांना नवल वाटले असेल. परंतु धरमपेठेतल्या दुकानांत आज काळ्या चॉकलेटची जी वडी मिळते, तिच्या वेष्टनावर कोकोचे शेकडा प्रमाण औषधाच्या मात्रेसारखे ठळक छापलेले असते. हे कडू चॉकलेट रक्तातील साखर आटोक्यात ठेवते, असा एक समज सुशिक्षितांत चांगलाच रुजला आहे. मधुमेह केवळ बंगल्यांतला रोग असता, तर हा प्रश्न मी डॉक्टरांवर सोपवून मोकळा झालो असतो. पण २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार देशात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. एवढ्या मोठ्या संख्येत हिंगण्याचा आणि बुटीबोरीचा कामगारही आला. त्याच्या हाती कोणता उपाय दिला जातो आणि कोणता दडवला जातो, हा मग चळवळीचाही प्रश्न होतो. तो समजून घ्यावयाचा तर थोडे मागे जावे लागेल.

आपल्याकडे ह्या रोगाची ओळख फार जुनी आहे. चरकाने प्रमेहाचे रोगी दोन प्रकारचे सांगितले आहेत: एक स्थूल आणि बलवान, दुसरा कृश आणि दुर्बल. पहिल्याचे शोधन करावे आणि दुसऱ्याचे पोषण करावे, असा त्याचा दंडक. सुश्रुताने निर्धन रोग्याला अनवाणी, छत्रीवाचून शंभर योजने चालण्यास किंवा विहीर खणण्यास सांगितले आहे. मात्र कृश रोग्याला जपावे, असेही बजावले आहे. शरीराचे कष्ट हे औषध आहे, पण ते पोट भरलेल्या शरीराला, हा विवेक त्या काळीही होता. हा मुद्दा श्रोत्यांनी ध्यानात ठेवावा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

आधुनिक काळात १९२१ साली टोरांटो येथे बँटिंग आणि बेस्ट यांनी मॅक्लिऑड यांच्या प्रयोगशाळेत इन्शुलिन मिळवले. कॉलिप यांनी ते शुद्ध केले आणि जानेवारी १९२२ मध्ये ते प्रथम एका मुलाला टोचण्यात आले. मरणाच्या दारातले रोगी त्यामुळे परत आले. परंतु १९३६ साली लंडनच्या हॅरल्ड हिम्सवर्थ यांनी दाखवून दिले की सर्व मधुमेही एका जातीचे नसतात. काहींचे शरीर इन्शुलिनला तत्काळ दाद देते. काहींचे देत नाही. कोठाराचे कुलूप गंजले, की किल्ली असूनही दार उघडत नाही, तसा हा प्रकार. साखर रक्तात असते, पण स्नायूंत शिरत नाही. शरीर इन्शुलिनला किती दाद देते, हेच आज मधुमेहाच्या विचाराचे एक मुख्य माप झाले आहे आणि चॉकलेटचा दावाही ह्याच मापावर उभा आहे.

आता चॉकलेटकडे वळू. कोको मूळचा अमेरिका खंडातला. मेक्सिकोतील लोक त्याच्या बिया भाजून, वाटून, मिरची घालून फेसाळ पेय करीत. त्यात उसाची साखर नव्हती. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी ते युरोपात नेले आणि पुढे त्यात साखर पडली. ही साखर वेस्ट इंडीजच्या मळ्यांत आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांच्या श्रमातून येत होती. १८२८ साली हॉलंडच्या व्हॅन हाउटेन यांच्या कारखान्यात कोकोतील स्निग्धांश दाबून काढण्याचे यंत्र आले, कोकोवर क्षाराची प्रक्रिया होऊ लागली. १८४७ मध्ये इंग्लंडात फ्राय कंपनीने खाण्याची वडी काढली आणि १८७५ मध्ये स्वित्झर्लंडात डॅनिएल पीटर यांनी त्यात दूध घातले. अशा रीतीने कोकोचा कडवटपणा टप्प्याटप्प्याने गेला. पुढे विज्ञानाने ज्या द्रव्यांना गुणकारी ठरवले, ती फ्लॅव्हनॉल नावाची द्रव्ये ह्या कडवटपणाशीच निगडित आहेत आणि क्षारप्रक्रियेत त्यांचा मोठा भाग नष्ट होतो.

मजुराच्या दृष्टीने ह्या इतिहासातले एक प्रकरण विसरता येणार नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रजी चॉकलेटवाल्यांचा बराचसा कोको पोर्तुगीजांच्या साओ टोमे बेटावरून येत असे. तेथील मजूर अंगोलातून कराराच्या नावाखाली नेलेले होते. त्यांतून परत जाणारा विरळा. हेन्री नेव्हिन्सन या पत्रकाराने तेथे जाऊन ही गुलामगिरी १९०६ साली पुस्तकरूपाने उघड केली. कॅडबरी कंपनी आपल्या कामगारांसाठी बोर्नव्हिल येथे बागा आणि घरे बांधून नावाजलेली; पण तिने तो कोको घेणे बंद केले ते मार्च १९०९ मध्ये. एका वृत्तपत्रावर तिने लावलेला बदनामीचा दावा त्याच वर्षी सुनावणीस आला. ज्यूरीने निकाल कंपनीच्या बाजूने दिला, मात्र भरपाई ठरवली एक फार्दिंग, म्हणजे पाव पेनी. त्या ज्यूरीचे मन ह्या एका नाण्यात दिसते. पश्चिम आफ्रिकेच्या कोको-मळ्यांतील बालमजुरी संपविण्यासाठी २००१ साली अमेरिकेत कंपन्यांनी करार केला, तरी तो प्रश्न आजही मिटलेला नाही.

मग गुणकारीपणाचे काय? त्या दाव्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. पनामाजवळच्या बेटांवर राहणाऱ्या कुना लोकांत वयाबरोबर रक्तदाब वाढत नाही, पण तेच लोक शहरात गेले की वाढतो, हे हार्वर्डच्या नॉर्मन हॉलेनबर्ग यांनी गेल्या शतकाच्या शेवटी पाहिले. बेटावरचे कुना भरपूर कोको पीत. २००५ साली इटलीत दाविदे ग्रासी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १५ निरोगी माणसांना १५ दिवस रोज १०० ग्रॅम काळे चॉकलेट दिले, आणि तितकेच दिवस पांढरे. काळ्या चॉकलेटच्या दिवसांत शरीर इन्शुलिनला अधिक दाद देऊ लागले, रक्तदाबही उतरला. याचे कारण असे मानतात की फ्लॅव्हनॉलमुळे रक्तवाहिन्यांच्या आतल्या थरात नायट्रिक ऑक्साइड अधिक तयार होतो, वाहिन्या सैल होतात आणि साखर स्नायूंपर्यंत नीट पोचते.

परंतु १५ माणसे आणि १५ दिवस, एवढ्यावर राष्ट्राचे पथ्य ठरत नाही. शिवाय रोज १०० ग्रॅम चॉकलेट म्हणजे सुमारे ५०० उष्मांक. ते भाकरीच्या जागी खावयाचे की भाकरीवर? पुढे अमेरिकेत २१ हजारांहून अधिक वृद्ध स्त्रीपुरुषांवर मोठा प्रयोग झाला. निम्म्यांना रोज ५०० मिलिग्रॅम फ्लॅव्हनॉल असलेला कोकोचा अर्क दिला, निम्म्यांना निरुपद्रवी गोळी. २०२२ साली निष्कर्ष आले. हृदयविकाराने होणारे मृत्यू कमी दिसले, पण हृदयविकाराच्या एकूण घटनांत, म्हणजे मुख्य कसोटीवर, निर्णायक फरक पडला नाही. आणि नव्याने मधुमेह होण्याचे प्रमाणही अर्काने घटले नाही. ह्या प्रयोगाच्या खर्चाचा भाग चॉकलेट बनविणाऱ्या मार्स कंपनीने उचलला होता, हेही सांगितले पाहिजे. २०२४ साली अमेरिकेतील परिचारिका व इतर आरोग्य-व्यावसायिक यांच्या दीर्घ नोंदींतून, काळे चॉकलेट खाणाऱ्यांत मधुमेह कमी आढळला. दुधाच्या चॉकलेटने मात्र वजन वाढलेले दिसले. पण अशा नोंदींत, काळे चॉकलेट निवडणारा माणूस एरवीही कसा राहतो, हे वेगळे काढणे कठीण असते. एकंदरीत लाभ असलाच तर माफक, आणि तोही सिद्ध व्हावयाचा आहे.

आपल्या शरीराची कहाणी मात्र आपल्याच महाराष्ट्रात लिहिली गेली आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गरोदर स्त्रिया आणि त्यांची मुले यांचा अभ्यास सुरू केला. तेथील मुले जन्मतः सरासरी २.७ किलोची, इंग्लंडच्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आपले मूल स्नायूंनी बारीक, पण कातडीखालची चरबी त्या मानाने टिकून राहिलेली. वरून कृश, आतून स्थूल, असे हे शरीर. २००४ साली याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचीच तुलना छापली. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, पण युडकिन यांच्या अंगात चरबी शेकडा ९.१ आणि याज्ञिक यांच्या अंगात शेकडा २१.२. चरकाने वेगळे सांगितलेले दोन रोगी येथे एकाच कातडीत नांदताना दिसतात.

त्याच खेड्यांत आणखी दोन गोष्टी दिसल्या. गरोदरपणी ज्या स्त्रियांना शेतातले आणि घरातले काम जड होते, त्यांची मुले अधिक लहान निपजली. आणि ज्यांच्या खाण्यात दूध, फळे व हिरवी पालेभाजी होती, त्यांची मुले मोठी निपजली. म्हणजे मुलाच्या शरीराची घडण आईच्या श्रमाशी आणि तिच्या ताटाशी बांधलेली आहे, आणि तिच्या खुणा मोठेपणीही राहतात. बाळंतपणाच्या रजेचा कायदा मुंबई इलाख्यात १९२९ साली झाला. त्या विधेयकाला १९२८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कायदेमंडळात पाठिंबा दिला होता. देशभरचा कायदा १९६१ चा. २०१७ मध्ये रजा २६ आठवडे झाली. पण निंदणीला जाणाऱ्या मजूर बाईला हा कायदा कधीच भेटला नाही. डोक्यावर पाटी घेऊन ती शेवटच्या महिन्यापर्यंत उभी असते.

दुसरी बाब झोपेची. १९९९ साली शिकागोत ११ तरुणांना सहा रात्री चारच तास झोपू दिले, तेव्हा साखर पचविण्याची त्यांची शक्ती लक्षणीय घटली. तरुण, निरोगी माणसांची ही गत, तर वर्षानुवर्षे रात्रपाळी करणाऱ्याचे काय होत असेल, याचा विचार श्रोत्यांनीच करावा. कामाच्या तासांचा लढा हा आपण आजवर विसाव्यासाठीचा लढा मानला. १९२२ च्या कायद्याने आठवड्याचे तास ६० झाले, १९३४ च्या कायद्याने बारमाही कारखान्यांत ५४, आणि १९४८ च्या कायद्याने ४८. त्याच १९४८ च्या कायद्यात २५० हून अधिक कामगार असतील तेथे कँटीन चालविण्याची तरतूद आली. शरीरशास्त्र पाहता हा लढा इन्शुलिनचाही होता, असे म्हणावयास हरकत नाही.

भारतातला पुरावाही ह्याच दिशेला बोट दाखवतो. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ जणांवर केलेला प्रयोग २००६ साली प्रसिद्ध झाला. चालणे आणि बेताचा आहार एवढ्याने तीन वर्षांत मधुमेह होण्याचा धोका शेकडा २८.५ ने घटला. मेटफॉर्मिन ह्या औषधाने घटला तो शेकडा २६.४ ने. सुश्रुताचा सल्ला येथे आकड्यांत उतरला आहे. पण चालावयाला वेळ लागतो आणि बेताचा आहार म्हणजे स्वस्त आहार नव्हे. डाळ, दूध, भाजी महाग आणि गोड चहा-बिस्कीट स्वस्त, अशी आजची स्थिती आहे.

नागपुरात १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. पिढ्यान्‌पिढ्या तिने ह्या शहराला पोसले आणि २००२ साली ती कायमची बंद झाली. तिच्या जागेवर आज बाजारसंकुल उभे आहे. जेथे कापड विणले गेले, तेथे आता माल विकला जातो. आरोग्याचेही तसेच होऊ पाहत आहे. पूर्वी आपण आरोग्य मागत होतो, आता ते विकत घ्या असे सांगितले जाते.

कडू चॉकलेटचा तुकडा ज्याला परवडतो आणि आवडतो, त्याने तो खुशाल खावा. डॉक्टरांना विचारून मधुमेह्यानेही बेताने खावा. त्याला औषध मात्र समजू नये. युनियनच्या मागणीपत्रात वेतनाच्या कलमाखाली आणखी काही कलमे यावीत: कँटीनमध्ये डाळ, पालेभाजी आणि बिनसाखरेच्या चहाची सोय, सलग रात्रपाळ्यांना मर्यादा, तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाची, कंत्राटी कामगारासह, वर्षातून एकदा रक्ततपासणी, आणि गरोदर मजूर स्त्रीला, ती कारखान्यात असो वा शेतात, हलके काम व पगारी रजा. पुढल्या बोलणीत ही चार कलमे कोणत्या युनियनने टेबलावर ठेवली, एवढे श्रोत्यांनी आपापल्या ठिकाणी विचारावे.