धानाची बांधी आणि विद्यापीठ : संशोधन कुणाचं?

आज दवनीवाड्यात आपण विद्यापीठातल्या संशोधनाबद्दल बोलणार आहोत. विद्यापीठ म्हटलं की मोठी इमारत डोळ्यांसमोर येते. पण या विद्यापीठांचा जन्म जमिनीतून झाला आहे, अगदी शब्दशः.

अमेरिकेत १८६२ साली मॉरिल कायदा झाला. केंद्र सरकारने राज्यांना जमीन दिली आणि ती विकून आलेल्या पैशातून शेती व यंत्रविद्या शिकवणारी विद्यापीठं उभी राहिली. त्यातली बरीच जमीन तिथल्या आदिवासींकडून घेतलेली होती, हेही आपण विसरू नये. पुढे अडचण आली : शिकवायचं काय? तपासून पाहिलेलं शेतीचं ज्ञान फारसं नव्हतंच. म्हणून १८८७ च्या हॅच कायद्याने प्रयोगकेंद्रांना पैसा मिळाला, आणि १९१४ साली विस्तारसेवा आली. शिक्षण, संशोधन, विस्तार : या तीन पायांवर ती विद्यापीठं उभी आहेत.

हाच नमुना आपल्याकडे १९६० साली पंतनगरला आला. महाराष्ट्रात पहिलं कृषी विद्यापीठ १९६८ मध्ये झालं. विदर्भाला ते सहज मिळालं नाही. १९६७ साली अकोल्यात त्यासाठी आंदोलन पेटलं, गोळीबारात माणसं गेली. त्यानंतर २० ऑक्टोबर १९६९ ला अकोल्याचं विद्यापीठ झालं. आज त्याला डॉ. पंजाबराव देशमुखांचं नाव आहे.

आता आपल्याकडे या. अकोला म्हणजे काळी जमीन, कापूस आणि ज्वारी. आपल्याकडे धानाच्या बांध्या, पऱ्हे, रोवणी. तिथलं संशोधन इथे जसंच्या तसं कसं चालेल? म्हणून साकोली आणि सिंदेवाहीची केंद्रं महत्त्वाची. गादमाशीचंच उदाहरण घेऊ. तिची अळी फुटव्याच्या आत शिरते, मग लोंब येण्याऐवजी कांद्याच्या पातीसारखी पोकळ नळी निघते. अळी आत असल्याने फवारणीचा फारसा उपयोग होत नाही. खरा उपाय म्हणजे किडीला दाद न देणारं वाण. ते तयार करायला वर्षानुवर्षं संकर, निवड, चाचण्या लागतात. एका शेतकऱ्याला एवढं परवडत नाही. सार्वजनिक पैशाचं संशोधन लागतं ते यासाठी.

पण गोष्टीला दुसरी बाजू आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे छोटे शेतकरी. १९८३ साली ‘पटेल ३’ धानाच्या बांधीत त्यांना काही वेगळी लोंबं दिसली. त्यांनी दाणे जपले, वेगळे लावले, वर्षानुवर्षं निवड केली. बारीक तांदळाचं ते वाण त्या काळच्या लोकप्रिय घड्याळावरून ‘एचएमटी’ म्हणून गावोगाव गेलं. १९९४ मध्ये विद्यापीठाच्या सिंदेवाही केंद्राने त्यांच्याकडून बियाणं नेलं आणि १९९८ मध्ये ‘पीकेव्ही एचएमटी’ हे वाण आलं. त्या बियाण्यात भेसळ होती, शुद्धीकरण आम्ही केलं, अशी विद्यापीठाची बाजू होती. शुद्धीकरण हे काम आहेच, ते आपण नाकारत नाही. पण ज्याने ते लोंब आधी पाहिलं, त्याच्या नावाचं काय? दादाजींना २००५ साली राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, जगभर नाव झालं. तरी शेवटपर्यंत पैशाची ओढाताण सुटली नाही. ३ जून २०१८ रोजी ते गेले.

मग विद्यापीठाचं काम काय? आपण विस्तार म्हणजे वरून खाली येणारा सल्ला असं समजत आलो. खरं तर रस्ता दुहेरी हवा. बांधीतलं निरीक्षण केंद्रात जावं, तपासून निघावं, आणि शेतकऱ्याच्या नावासकट परत यावं. २००१ च्या वाण संरक्षण कायद्याने शेतकऱ्याला स्वतःचं वाण नोंदवण्याचा हक्क दिला आहे.

तेव्हा यंदा कापणीच्या वेळी एखादं वेगळं लोंब दिसलं, तर ते पेंढीत जाऊ देऊ नका. वेगळं ठेवा, तारीख लिहा, बांधीचा गट नंबर लिहा. आणि केंद्रात बियाणं द्याल, तेव्हा पोचपावती मागा.