मिठाईवाल्याचा उमेदवार

इतिहासाच्या ग्रंथांत मेजवान्यांची वर्णने पुष्कळ आढळतात. कोणत्या राजाने कोणत्या वकिलास जेवावयास पाचारण केले, किती पाने मांडली, कोणकोणती पक्वान्ने झाली, हे सारे बखरकार हौसेने लिहून ठेवतात. त्या पक्वान्नांसाठी पहाटे भट्टी कोणी पेटविली, हे मात्र ते लिहीत नाहीत. लिहिणार तरी कसे? त्या वेळी ते झोपेत असतात. भट्टीपाशी जागा असतो तो उमेदवार. आणि त्याला बहुधा लिहिता येत नसते, येत असले तरी सवड नसते.

या नियमाला अपवाद म्हणून ज्याचे नाव घ्यावे असा एक उमेदवार फ्रान्समध्ये होऊन गेला. त्याने पुढे स्वतःच ग्रंथ लिहिले, आणि म्हणून त्याच्या उमेदवारीचे दिवस आपल्याला थोडेबहुत दिसू शकतात. त्याचे नाव मारी-आंत्वान कारेम. युरोपातील राजेरजवाड्यांचा पाकाचार्य म्हणून तो प्रसिद्ध आहे. परंतु आज मला त्याच्या वैभवापेक्षा पॅरिसमधील व्हिव्हिएन रस्त्यावरच्या मिठाईच्या दुकानात त्याने काढलेल्या काही वर्षांविषयी अधिक बोलावयाचे आहे. मिठाई हा शब्द मी सोयीसाठी वापरीत आहे. पेढे-बर्फी असा अर्थ श्रोत्यांनी घेऊ नये. मैदा, लोणी, अंडी आणि साखर यांपासून भट्टीत भाजून केलेल्या नाना प्रकारच्या पदार्थांची ही गोष्ट आहे.

कारेमचा जन्म पॅरिसमध्ये १७८३ किंवा १७८४ साली झाला. दोन्ही साले सांगितली जातात. बाप मोलमजूर, घरात पोरवडा, आणि त्यात राज्यक्रांतीचा काळ. मुलगा दहा वर्षांच्या आतबाहेर असताना बापाने त्याला शहराच्या वेशीपाशी सोडून दिले आणि आपले नशीब आपण शोधावयास सांगितले, अशी हकीकत आहे. ती कारेमच्याच लेखणीतून उतरली आहे, आणि मोठेपणी आपले बालपण सांगताना माणूस थोडा रंग भरतोच. परंतु घर सुटले, एका सामान्य खाणावळीत आसरा मिळाला आणि तेथे राबता राबता तो स्वयंपाकाच्या धंद्यास लागला, एवढे निश्चित. पुढे १७९८ च्या सुमारास सिल्व्हँ बायी या नामांकित मिठाईवाल्याकडे तो उमेदवार म्हणून राहिला.

दहा वर्षे आधी हे इतके सहज घडले असते काय, याची मला शंका आहे. पॅरिसमधील मिठाईवाल्यांची श्रेणी फार जुनी होती. १५६६ साली तिला राजाकडून नियम मिळाले होते, पण तिची पाळेमुळे त्याहून कितीतरी मागे जातात. इसवी सन १४०० च्या सुमारास पातळ, कुरकुरीत ‘उब्ली’ करणाऱ्या कारागिरांवर असे बंधन होते की, ज्याला एका दिवसात ठरलेल्या तीन जातींच्या मिळून हजार उब्ल्या करता येत नाहीत त्याने दुकान थाटू नये. श्रेणीत शिरावयाचे तर करारपत्र हवे, त्यावर सही करणारा बाप किंवा पालक हवा, आणि शेवटी उस्तादकीची परीक्षा हवी. वेशीवर सोडून दिलेल्या पोरापाशी यांतले काय होते? १७९१ च्या मार्चमध्ये राष्ट्रसभेने या श्रेण्या मोडीत काढल्या आणि धंद्याचे दार उघडे झाले. मात्र त्याच वर्षीच्या जून महिन्यात दुसरा कायदा होऊन कामगारांनी एकजूट करण्यास बंदी झाली. म्हणजे दारातून आत कोणीही यावे, पण आत आल्यावर किती तास राबावे हे मालकाने ठरवावे, अशी व्यवस्था झाली. कारेमचे दैव एवढेच की त्याला मालक बरा मिळाला.

या धंद्यातला दिवस कसा असे, हे समजण्यासाठी त्या काळची भट्टी समजली पाहिजे. भट्टी म्हणजे विटांची घुमटी. आत लाकडे जाळावयाची, विटा पुरत्या तापल्या की निखारे ओढून काढावयाचे, ओल्या फडक्याने तळ पुसावयाचा आणि दार लावावयाचे. यानंतर उष्णता वाढविण्याची सोय नाही. ती उतरतच जाते. म्हणून कामाचा क्रम भट्टीच ठरवीत असे. पहिल्या प्रखर आचेत पदरांच्या पारीचे पदार्थ, मग अंड्यालोण्याचे मऊ पाव, त्यानंतर बिस्किटे, आणि भट्टी निवत आली म्हणजे अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा साखर घालून केलेला फेस नुसता वाळविण्यासाठी आत सारावयाचा. कारेमच्या ग्रंथांत उष्णतेचे अंश सांगितलेले नाहीत. तेज भट्टी, मध्यम भट्टी, सौम्य भट्टी अशा शब्दांवर काम भागविले आहे. ते शब्द ज्याच्या तळहाताला कळत त्याला धंदा येत असे. एक घटका चुकली की पुढचा सारा माल चुकला. आणि सकाळी गिऱ्हाईक येण्यापूर्वी पहिला माल दुकानात मांडावयाचा, तर भट्टी मध्यरात्रीनंतर लौकरच पेटली पाहिजे. आपण ज्याला उमेदवाराची सकाळ म्हणतो ती अशी रात्रीतच सुरू होई.

पदरांच्या पारीचे काम तर आणखी नाजूक. आपल्याकडे चिरोटे करणाऱ्या गृहिणीला त्याची कल्पना लगेच येईल. आपण पोळ्यांवर साटा लावतो, एकावर एक ठेवून वळकटी करतो. फ्रेंच कारागीर पिठाच्या पारीत लोण्याची अखंड लादी गुंडाळतो, लाटतो, तिची तिहेरी घडी घालतो, थोडी विश्रांती देतो आणि पुन्हा लाटतो. असे सहा वेळा केले म्हणजे हिशेबाने लोण्याचे ७२९ पदर होतात. लोणी वितळले की पदर गेलेच. म्हणून हे काम थंड वेळी, भट्टीपासून दूर, थंड दगडी पाटावर करावयाचे, आणि उन्हाळ्यात बर्फाची मदत घ्यावयाची. ज्याच्या हाती हा पाट सोपविला जाई तो दुकानातला मोठा विश्वासाचा माणूस. कारेमला बायीने वयाच्या सतराव्या वर्षी तेथे पहिला मान दिला, असे तो अभिमानाने नमूद करतो.

साखरेच्या पाकाची कथा निराळी नाही. एकतारी, दोनतारी, गोळीबंद या आपल्या पायऱ्यांसारख्याच त्यांच्याही पायऱ्या होत्या, आणि त्या ओळखण्याचे साधन बोटे हेच होते. बोट गार पाण्यात बुडवावे, उकळत्या पाकात घालावे, आणि क्षणात पुन्हा पाण्यात. नवशिक्यांच्या बोटांचे काय होत असेल ते सांगावयास नको.

ती साखर तरी कोठून येई? कॅरिबियन समुद्रातील सँ-डोमिंग या फ्रेंच वसाहतीतून, गुलामांच्या श्रमातून. १७९१ च्या ऑगस्टमध्ये तेथील गुलामांनी उठाव केला. त्यातून पुढे हैतीचे स्वतंत्र राष्ट्र जन्मास आले. पॅरिसमध्ये साखरेचे भाव भडकले, आणि १७९२ च्या जानेवारीत लोकांनी वखारींवर धाव घेऊन जुन्याच दराने साखर देण्याचा आग्रह धरला. राज्यक्रांतीत भाकरीसाठी झालेले दंगे सर्वांना ठाऊक असतात, साखरेसाठी झालेले सहसा कोणी सांगत नाही. कारेम भट्टीपाशी उभा राहिला तो अशा दिवसांत. पुढे इंग्लंडशी चाललेल्या युद्धात समुद्रमार्ग अडले, तेव्हा फ्रान्सने बीटापासून साखर काढण्याचा ध्यास घेतला. १८१२ च्या जानेवारीत पॅसी येथील कारखान्यात जाऊन नेपोलियनने मालक देलेसेर याच्या छातीवर आपल्या हाताने सन्मानपदक लावले.

माल तयार झाला म्हणजे तो पोहोचविण्याचे काम. डोक्यावर पाटी घेतलेला पांढऱ्या कपड्यांतला मिठाईवाल्याचा पोरगा हे पॅरिसच्या जुन्या चित्रांतले ठरीव पात्र आहे. चित्रात तो मोठा गोजिरवाणा दिसतो. रस्ते मात्र तसे नव्हते. पदपथ जवळजवळ नव्हतेच. गाड्या घरांच्या भिंतींना घासून धावत, आणि चिखल अंगावर उडे. राज्यक्रांतीच्या आधी दोनच वर्षे फ्रान्स पाहावयास आलेल्या आर्थर यंग या इंग्रज शेतीतज्ज्ञाने पॅरिसच्या रस्त्यांतून पायी चालण्याच्या हालांविषयी मोठी तक्रार नोंदवून ठेवली आहे. त्याच्या डोक्यावर पाटी नव्हती! साखरेचा तीन मजली मनोरा सावरीत, घोड्यांपासून अंग चुकवीत, एखाद्या सरदाराच्या मागील दारी पोहोचावयाचे, आणि एक कमान ढासळली तर त्याचा जाब परत येऊन द्यावयाचा, ही त्या पोराची रोजची वाट.

कारेमच्या वाट्याला मात्र आणखी एक वाट आली, आणि ती फार जवळची होती. व्हिव्हिएन रस्ता आणि त्याला समांतर असलेला रिशल्यू रस्ता यांच्या दरम्यान पूर्वीचा राजाचा ग्रंथसंग्रह होता. आता तो राष्ट्राच्या मालकीचा झाला होता. त्यातील चित्रांची दालने ठरलेल्या दिवशी लोकांना खुली असत. बायीने आपल्या उमेदवाराला आठवड्यातून दोनदा तेथे जाण्याची मोकळीक दिली. पिठाचे हात धुऊन हा पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा त्या दालनात बसे आणि ग्रीक देवळे, रोमन कमानी, इजिप्तचे मनोरे, चीन आणि हिंदुस्थानातील इमारती यांची चित्रे उतरवून घेई. लिहिणे-वाचणेही त्याने बहुतांशी स्वतःच्या कष्टानेच पक्के केले. दुकानात परतल्यावर त्याच इमारती साखर, बदामाचा गोळा आणि पीठ यांतून उभ्या राहत, आणि मेजवानीच्या टेबलावर मध्यभागी मिरवत.

बायी हा काही संतपुरुष नव्हता. त्या इमारतींनी त्याच्या दुकानाचे नाव झाले, बड्या घराण्यांची गिऱ्हाइके वाढली, आणि प्रथम कॉन्सल बोनापार्ट याच्या मेजासाठीही मागण्या आल्या. त्याचा फायदा उघड होता. तरीही उमेदवाराचा प्रत्येक तास आपल्या मालकीचा आहे असे समजण्याचा त्याला पूर्ण अधिकार असताना त्याने त्यांतले काही तास सोडून दिले, ही गोष्ट त्या काळात लहान नाही. कारेमने ती कधी विसरली नाही. आपल्या लिखाणात त्याने बायीचे ऋण मोकळ्या मनाने मान्य केले आहे. त्याच व्हिव्हिएन रस्त्याच्या आसपास, त्याच वयाची आणखी किती पोरे पाट्या वाहत असतील, आणि त्यांच्यापैकी कितीजणांना ग्रंथालयाचा दरवाजा आतून दिसला असेल, हा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही.

पुढची कथा प्रसिद्ध आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. परराष्ट्रमंत्री तालेराँ याच्या मेजवान्यांत त्याने काम केले. १८१५ साली त्याचे मिठाईवरील ग्रंथ सचित्र प्रसिद्ध झाले; त्यांतील मनोऱ्यांची आणि मंदिरांची रेखाटने त्याच्याच हातची होती. इंग्लंडच्या युवराजाकडे तो १८१६-१७ मध्ये राहिला. ब्रायटन येथील राजवाड्यात १८ जानेवारी १८१७ रोजी त्याने रांधलेल्या भोजनाच्या यादीत शंभरावर पदार्थ आहेत. १८१९ मध्ये तो रशियास जाऊन आला. शेवटी पॅरिसचा सावकार रॉथ्सचाइल्ड याच्या घरी स्थिरावला. तेथे १८२९ च्या उन्हाळ्यात आयरिश लेखिका लेडी मॉर्गन जेवावयास गेली, तेव्हा साखरेच्या एका स्तंभावर तिला आपलेच नाव काढलेले दिसले. तिने आपल्या प्रवासग्रंथात या गोष्टीचे कौतुक केले आहे. लेखिकेचे नाव साखरेत आणि आचाऱ्याचे नाव शाईत, असा हा दुर्मिळ व्यवहार म्हटला पाहिजे.

परंतु राजवाड्यांतले असले तरी ते स्वयंपाकघरच. बंद तळघरे, वारा नाही, कारण वाऱ्याने पदार्थ निवतात. आणि सगळीकडे कोळशाच्या शेगड्या. या कोळशाचा धूर आपल्या धंद्यातील माणसांचे आयुष्य खातो, हे कारेमने स्पष्टपणे लिहून ठेवले आहे, आणि तरीही हे काम सोडवत नाही, असेही. १२ जानेवारी १८३३ रोजी तो वारला. पन्नाशीही गाठली नव्हती. फ्रेंच पाककलेवरील त्याचा मोठा ग्रंथ अपुरा राहिला. त्याचे शेवटचे खंड प्लुमेरे या दुसऱ्या आचाऱ्याने पुरे केले.

भट्टीवरच्या रात्रीचा प्रश्न त्याच्या मागे बराच काळ तसाच राहिला. १८७१ मध्ये पॅरिस कम्यूनने २० एप्रिलच्या हुकुमाने पावभट्ट्यांतील रात्रीचे काम बंद केले. पण मे अखेर कम्यूनच बुडाला. त्यानंतर जवळजवळ अर्धशतकाने, २८ मार्च १९१९ च्या कायद्याने रात्री दहापासून पहाटे चारपर्यंत पाव आणि मिठाई भाजण्याच्या कामावर माणसे लावण्यास फ्रान्समध्ये मनाई झाली. १९२५ मध्ये जिनिव्हा येथील आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनेही याच विषयावर करार संमत केला. अठरा वर्षांखालील उमेदवारांचा वाद तर याहून लांबला. त्यांना पहाटे चारपासून कामावर घेता यावे अशी सवलत २००६ च्या सरकारी आदेशाने मिठाईवाल्यांना मिळाली. म्हणजे इतर मुलांपेक्षा त्यांची सकाळ अजून दोन तास आधी उजाडते. आपल्याकडे शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ साली झाला आणि उमेदवारास विद्यावेतन मिळावे हे त्याने ठरविले. जगातील मोठमोठ्या उपाहारगृहांना ही गोष्ट सुचावयास बराच वेळ लागला; कोपनहेगनच्या ख्यातनाम ‘नोमा’ने आपल्या उमेदवारांना पैसे देण्यास आरंभ केला तो २०२२ च्या ऑक्टोबरात.

मुंबईत किंवा पुण्यात एखाद्या इराण्याच्या बेकरीत सकाळी चहाबरोबर खारी मिळते. ती चहात बुडविण्यापूर्वी तिचे पदर जरा पाहावेत. मैदा, स्निग्ध पदार्थ, लाटणे, घडी, पुन्हा लाटणे, अशी तीच कृती. फक्त लोण्याच्या जागी बहुधा वनस्पती तूप असते. आणि ती सकाळी मिळते, कारण कोणीतरी रात्रीच भट्टीपाशी गेलेला असतो. पॅरिसमधील ते ग्रंथालय दीर्घ दुरुस्तीनंतर २०२२ च्या सप्टेंबरात पुन्हा पुरते उघडले. त्याचा एक दरवाजा आता व्हिव्हिएन रस्त्यावरही आहे.