आधी पुठ्ठ्याचा विहार



वर्धापनदिन जवळ आला की आम्हा जुन्या कार्यकर्त्यांना पहिली आठवण येते ती पुठ्ठ्याच्या विहाराची. तेव्हा जागा होती, वर्गणी थोडीफार जमली होती, नकाशाही तयार होता. पण नकाशा वाचता येणारे आमच्यात दोन-तीनच. बाकीचे कुणी गोदीत, कुणी माथाडी, कुणी नाक्यावर उभे राहणारे. कागदावरच्या रेघा बघून सगळे माना डोलवत, पण प्रत्येकाच्या डोक्यातला विहार वेगळा होता. बहुतेकांना सांचीसारखा मोठा घुमट पाहिजे होता.

शेवटी सुतारकाम करणाऱ्या एका उपासकाने पुठ्ठे, थर्माकोल आणि खळ घेऊन दोन फुटांची प्रतिकृती केली. तिचं छप्पर उचलता यायचं. एका आजीबाईंनी दाराला डोळा लावून आत पाहिलं आणि विचारलं, "घुमट झ्याक हाय, पन मानसं बसायची कुठं?" आम्ही सगळे गप्प! त्या प्रश्नाने घुमट लहान झाला आणि सभागृह मोठं झालं.

पुढे लेणी पाहताना कळलं की हा प्रश्न दोन हजार वर्षांचा जुना आहे. सांचीचा स्तूप आतून भरीव आहे. त्याला बाहेरून प्रदक्षिणा घालायची, आत जायचं नाही. पण पावसाळ्यात संघाला एकत्र बसायचं तर डोक्यावर छप्पर हवं. म्हणून स्तूपच घरात आणला गेला आणि चैत्यगृह झालं. खांबांच्या रांगा, मध्ये सभामंडप, मागे अर्धगोल भिंत, स्तूपाभोवती फिरायला वाट. ही घरं मुळात लाकडाची. ती काळाच्या ओघात गेली, पण दगडाने त्यांची आठवण जपली.

इ.स.पूर्व दुसऱ्या शतकातल्या भाजे लेण्यात खांब आतल्या बाजूला कललेले आहेत. लाकडी छपराचा रेटा पेलायला खांब तिरपा लागतो. डोंगर कोरून काढलेल्या मंडपात त्याची काहीच गरज नव्हती. तरी कोरणाऱ्यांनी सुताराची रीत सोडली नाही. छताला लाकडाच्या कमानीही बसवल्या. त्या भाजे आणि कार्ले इथे आजही पाहायला मिळतात. म्हणजे हे लेणं लाकडी चैत्यगृहाची दगडातली प्रतिकृतीच म्हणायची!

कार्ल्याचं चैत्यगृह सुमारे १२४ फूट लांब आणि ४५ फूट उंच आहे. खांब ३७. ओसरीच्या भिंतींवर हत्तींच्या वर छोटे सज्जे, कठडे, कमानीच्या खिडक्या, मजल्यावर मजले कोरले आहेत. घरात शिरण्याआधी घराची प्रतिकृती! आत गेलं की मोठ्या कमानी गवाक्षातून येणारा उजेड थेट मंडपात उतरतो. नुसत्या नकाशावरून तो उजेड कुणाला कळला असता? तिथल्या शिलालेखात वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीचं नाव आहे, तसंच धेनुकाकटाच्या सामी नावाच्या सुताराचंही आहे. दार त्याने केलं, असं तो लेख सांगतो. श्रेष्ठीच्या जोडीला कारागिराचं नाव कोरलं गेलं, ही गोष्ट आमच्या सुतारबंधूंनी ध्यानात ठेवावी.

आता आपल्या गावाकडे येऊ. १९६० च्या दशकाच्या मध्यावर चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे नवं शहर वसवण्याची कल्पना मांडली. १९७० साली सिडको स्थापन झाली. लहानपणी खेळण्यातल्या आगगाडीचे रूळ मांडता मांडता आराखड्याची गोडी लागली, असं कोरिया सांगत. बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये त्यांनी १९८० च्या दशकात सात-सात घरं एकेका अंगणाभोवती बसवली. अशा तीन गटांच्या मध्ये आणखी मोठं अंगण ठेवलं. सामाईक भिंत नाही, म्हणून प्रत्येकाला आपलं घर पुढे वाढवता यावं. घरांइतकाच विचार घरांमधल्या मोकळ्या जागेचा! आज तिथली बरीच जुनी घरं जाऊन मजले चढले आहेत, अंगणं मात्र अजून ओळखता येतात.

नागपूरला दीक्षाभूमीचा स्तूप शिवदान मल यांनी रचला. त्याचं उद्घाटन १८ डिसेंबर २००१ रोजी झालं. बाहेरून तो सांचीची आठवण देतो, पण आतून पोकळ आहे; हजारो माणसं आत बसू शकतात. आमच्या आजीबाईंच्या प्रश्नाला याहून मोठं उत्तर कोणतं?

आज आपल्या विहारावर मजला चढवायची चर्चा चालू आहे. चांगली गोष्ट आहे. नकाशे आता संगणकावर होतात, रंगीत चित्रंही मिळतात. तरीही आमची तरुण मंडळींना विनंती आहे, आधी पुठ्ठ्याचा विहार करा. छप्पर उचलता येईल असा करा. तो सभेत मध्यभागी ठेवा आणि ज्यांना नकाशा वाचता येत नाही त्यांना पहिल्यांदा आत डोकावू द्या. विहार त्यांचाही आहे. आजीबाई आता राहिल्या नाहीत, पण त्यांनी मागितलेल्या जागेत आपण दर रविवारी वंदनेला बसतो.

जय भीम! नमो बुद्धाय!