पाप वेगळं, गुन्हा वेगळा : इंग्लंडमधल्या धर्मगुरूंचा एक जुना वाद

मागच्या व्याख्यानानंतर एक चिठ्ठी आली होती. समलैंगिकता हे पाप आहे असं चर्च मानतं, तर कायद्याने तिला शिक्षा असू नये असं एखादा धर्मगुरू म्हणूच कसा शकतो, असा तिचा आशय. वेळ संपली होती, म्हणून उत्तर आजवर राहिलं. आज त्या एका प्रश्नाकडेच बघू, आणि त्यासाठी आपल्याला 1950 च्या दशकातल्या इंग्लंडमध्ये जावं लागेल.

आपण मराठीत पाप आणि गुन्हा हे शब्द सहसा गल्लत न करता वापरतो. पापाचा हिशेब देवाकडे, गुन्ह्याचा फौजदाराकडे. इंग्लंडमध्ये या प्रकरणी ही दोन्ही खाती एकत्र केली ती आठव्या हेन्रीने, 1533 साली. तोवर असल्या गोष्टींचा निवाडा चर्चच्या न्यायालयांत होत असे. रोमशी फारकत घेण्याच्या त्याच धामधुमीत हेन्रीने हा अधिकारही राज्याकडे ओढला आणि शिक्षा ठेवली फाशीची. शेवटची फाशी 1835 ची, लंडनमधली. देहदंड कायद्यातून गेला 1861 मध्ये. पण 1885 च्या दुरुस्तीने पुरुषांमधलं कोणतंही 'अश्लील वर्तन', अगदी घरातल्या बंद दाराआडचंसुद्धा, तुरुंगाच्या कक्षेत आलं. ऑस्कर वाइल्डला 1895 मध्ये दोन वर्षं सक्तमजुरी झाली ती याच कलमाखाली. गणिती ॲलन ट्यूरिंग 1952 मध्ये याच कलमाखाली दोषी ठरला. स्त्रियांबद्दल मात्र हा कायदा गप्पच होता.

1954 साली लॉर्ड माँटेग्यू आणि त्यांच्या मित्रांवरचा खटला गाजला, आणि सरकारने जॉन वुल्फेंडन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण कायद्याचा फेरविचार व्हावा म्हणून इंग्लंडच्या चर्चमधलेच लोक समितीच्या आधी कामाला लागले होते, हे सहसा सांगितलं जात नाही. चर्चच्या नैतिक कल्याण परिषदेने त्या वर्षी एक पुस्तिका काढली होती. तिच्यामागे होते डेरिक शेरविन बेली नावाचे पाद्री, अभ्यासू आणि चिकाटीचे.

बेलींनी 1955 मध्ये मोठं पुस्तक लिहिलं आणि थेट सदोम नगराच्या कथेला हात घातला. उत्पत्तीच्या 19व्या अध्यायात लोटाच्या घरी पाहुणे येतात, गावचे पुरुष दाराशी जमतात आणि पाहुण्यांना बाहेर काढ म्हणतात, आम्हाला त्यांना 'जाणायचं' आहे. हिब्रू क्रियापद 'यादा'. जुन्या करारात ते शेकडो वेळा येतं, आणि शरीरसंबंधाच्या अर्थाने अगदी मोजक्या ठिकाणी. बेलींचं म्हणणं असं की गावकऱ्यांना परक्यांची झडती घ्यायची होती आणि सदोमाचं पाप म्हणजे अतिथीचा अपमान. त्यांनी यहेज्केल संदेष्ट्याकडे बोट दाखवलं. तिथे सदोमाचा दोष सांगितला आहे तो गर्व, भरल्या पोटाची बेफिकिरी आणि गरिबाला हात न देणं.

हा युक्तिवाद पूर्ण टिकला, असं आम्ही म्हणणार नाही. दोनच ओळींपुढे लोट गर्दीला स्वतःच्या मुली देऊ करतो, आणि तिथे तेच क्रियापद उघडच शरीरसंबंधाचं आहे. यहेज्केलाच्या यादीतही पुढे अमंगळ कृत्यांचा उल्लेख येतो. शिवाय रोमकरांस पत्रातला पौलाचा निषेध उरतोच. त्यावर बेलींचं उत्तर होतं की पौल स्वभाव सोडून वागणाऱ्यांबद्दल बोलतो. ज्याचा स्वभावच तसा आहे असा माणूस त्याच्या डोळ्यांसमोर नव्हता. पटो न पटो, यातून एक भेद चर्चच्या भाषेत रुळू लागला : माणसाचा कल आणि माणसाची कृती. कल हा दोष नव्हे.

रोमन कॅथलिकही मागे नव्हते. कार्डिनल ग्रिफिन यांनी नेमलेल्या समितीनेही प्रौढांच्या खाजगी वर्तनात दंडसंहितेने पडू नये असंच सुचवलं. यात बंडखोरी नव्हती. मानवी कायद्याने प्रत्येक दुर्गुण दडपायचा नसतो, हे तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने लिहून ठेवलं होतं.

सप्टेंबर 1957 मध्ये वुल्फेंडन अहवाल आला. शिफारस तीच, जेम्स अडेर या एका सदस्याचा विरोध. चर्च असेंब्लीने निसटत्या बहुमताने पाठिंबा दिला. न्यायाधीश पॅट्रिक डेव्हलिन यांनी उलट बाजू मांडली, की समाज नीतीच्या समान धाग्यावर उभा असतो आणि तो तुटू न देणं कायद्याचं काम आहे. म्हणजे गंमत बघा, न्यायाधीश नीतीसाठी कायदा मागतोय आणि बिशप म्हणतोय, नको!

1965 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये आर्चबिशप मायकल रॅम्झी सुधारणेच्या बाजूने उभे राहिले. अशी कृती नेहमीच चूक आहे असं ते मानत होते, ते त्यांनी लपवलं नाही. पण प्रत्येक पाप म्हणजे गुन्हा नव्हे. धाकाने पाळलेली नीती ही नीतीच नाही, या जुन्या ख्रिस्ती समजुतीवर हे उभं होतं. 1967 चा कायदा झाला तो मात्र कंजूष : वय 21, दोघेच, पूर्ण खाजगीत, तोही फक्त इंग्लंड-वेल्सपुरता. स्कॉटलंडला 1980 उजाडलं, उत्तर आयर्लंडला 1982. तिथे इयन पेस्ली या पाद्र्यांनी विरोधात मोहीमच चालवली होती.

रॅम्झींचा आम्हाला आदर वाटतो, पण त्यांच्या भाषणात एक जागा रिकामी आहे. तुरुंगाचं दार उघडलं, पण बाहेर आलेल्या माणसाला चर्चने काय सांगितलं? तू गुन्हेगार नाहीस, पापी आहेस. प्रीती, जो शब्द मराठी ख्रिस्ती माणूस लहानपणापासून ऐकतो, तो त्या वादात दयेच्या रूपाने आला. त्या दोन माणसांमधली प्रीती हा विषय झालाच नाही. तो केला क्वेकरांच्या एका गटाने, 1963 च्या पुस्तिकेत. नातं कोणाशी आहे यापेक्षा ते कसं आहे, त्यात फसवणूक आणि शोषण आहे की निष्ठा, यावरून ते तोला, असं त्यांनी म्हटलं. त्यावर गदारोळ झाला, आणि तो वाद चर्चमध्ये अजून मिटलेला नाही. गलतीकरांस पत्राचा पाचवा अध्याय दोन्ही बाजू वाचतात : स्वातंत्र्य मिळालं आहे, ते देहवासनेसाठी वापरू नका, प्रीतीने एकमेकांची सेवा करा. एकाचा भर वासनेवर, दुसऱ्याचा प्रीतीवर.

आपल्याकडचं 377 कलम 1860 चं, इंग्रजांच्याच हातचं. 2009 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते सैल केलं, त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात जाणाऱ्यांत उत्कल ख्रिश्चन कौन्सिल होती. डिसेंबर 2013 मध्ये कलम पुन्हा पूर्ववत झालं, तेव्हा मुंबईचे आर्चबिशप कार्डिनल ओसवाल्ड ग्रेशियस म्हणाले की आमचा समलिंगी विवाहाला विरोध आहे, पण या माणसांना आम्ही गुन्हेगार मानत नाही. हे रॅम्झींचंच वाक्य, जवळपास पन्नास वर्षांनी. 6 सप्टेंबर 2018 च्या निकालात न्यायाधीशांनी वुल्फेंडन अहवालाचा हवाला दिला आहे. त्या अहवालामागे पाद्रीही होते, हे चिठ्ठी पाठवणाऱ्या श्रोत्याने तिथे जोडून वाचावं.

आता बाकीच्या चिठ्ठ्या घेऊ.