पनवेल

पनवेल : रायगड जिल्ह्यातील खाडीकाठचे शहर व तालुक्याचे ठिकाण. गाढी नदी पनवेलच्या खाडीला मिळते, त्या परिसरात ते वसले आहे. आज नवी मुंबईच्या कुशीतले शहर म्हणून ते ओळखले जाते. त्याचा मूळ पिंड मात्र भातशेती, मिठागरे आणि बंदराचा. नगरपालिका १८५२ सालची, म्हणजे राज्यातील जुन्यांपैकी एक. १ ऑक्टोबर २०१६ रोजी तिची महानगरपालिका झाली.

बोरघाटातून १८३० मध्ये गाडीरस्ता झाल्यावर मुंबईहून पुण्याला जाणारे होडीने पनवेलला उतरत व पुढे गाडीने घाट चढत. भाताचा व्यापार मोठा होता आणि बैलगाडीची चाके घडवण्यासाठी येथील कारागीर नावाजलेले होते. १८६३ मध्ये घाटातील रेल्वे कल्याण-कर्जतमार्गे गेली आणि बंदराची रया गेली.

तालुक्याची खरी कमाई खारजमीन आहे. आगरी शेतकऱ्यांनी मातीचे बांध घालून भरतीचे पाणी अडवले व खाजणाची शेते केली. बांधात जागोजागी उघाडी असते. तिची झडप बाहेरच्या बाजूला उघडते : ओहोटीला आतले पावसाचे पाणी तिला ढकलून खाडीत जाते, भरती चढली की समुद्राचाच दाब तिला घट्ट मिटवतो. जूनच्या पहिल्या पावसांनी जमिनीतले मीठ धुऊन गेल्याशिवाय पेरणी होत नाही. मग मोड आलेले बियाणे चिखलात फेकतात. या पद्धतीला रहू म्हणतात. पीक पावसाळ्यातले एकच. उधाणाने बांधाला खांड पडली, तर त्या वर्षाचे भात जातेच, शिवाय शेत पुन्हा गोडे व्हायला काही पावसाळे जावे लागतात. म्हणून बांधाची डागडुजी हे एकट्यादुकट्याचे नव्हे, साऱ्या गावाचे काम असे. एवढी शिस्तीची जलव्यवस्था केवळ हातांनी उभारणाऱ्यांची नावे कुठे नोंदलेली नाहीत, ही या तालुक्याच्या इतिहासातील मोठी उणीव होय. येथील खारजमीन संशोधन केंद्राने क्षार सोसणारे ‘पनवेल १’, ‘पनवेल २’ व ‘पनवेल ३’ हे भाताचे वाण दिले. हे केंद्र दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे आहे.

१९७० मध्ये सिडको या सरकारी नगरविकास महामंडळाची स्थापना झाली व नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी संपादनात आल्या. मोबदल्यासाठीच्या लढ्याचे नेतृत्व पनवेलचे आमदार राहिलेले दि. बा. पाटील यांनी केले. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात झालेल्या पोलीस गोळीबारात पाच आंदोलक हुतात्मा झाले. पुढे मिळालेली, संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना या लढ्याचेच फळ आहे. ती सरकारी मेहेरबानी समजणे चूक ठरेल.

आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचे जन्मगाव शिरढोण (१८४५) याच तालुक्यात आहे. शहरातील बेने इस्राएल समाजाचे बेथ एल सिनेगॉग १८४९ सालचे. आयुर्वेदिक औषधांचा धूतपापेश्वर कारखाना १८७२ चा. कर्नाळा किल्ल्याभोवतीचा परिसर पक्षी अभयारण्य आहे.

नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळ पनवेल तालुक्यातच आहे. त्यासाठी उलवे नदीचा प्रवाह वळवून खाजणांवर भराव घालण्यात आला. त्याचे उद्‌घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले.