हिवरखेड : झाडाच्या नावाचे गाव

राजधान्यांचे इतिहास लिहिले जातात. खेड्यांच्या वाट्याला बहुधा गॅझेटियरातली एखादी ओळ येते. वऱ्हाडात हिवरखेड नावाची गावे एकाहून अधिक आहेत. आम्ही लिहीत आहोत ते अकोला जिल्ह्याच्या तेल्हारा तालुक्यातले, ‘हिवरखेड रूपराव’ म्हणून ओळखले जाणारे. हिवर हा पांढरट सालीचा काटेरी वृक्ष. खेड म्हणजे वस्ती. झाडाचे नाव आधी, माणसाचे मागाहून, हा क्रम आम्हांला बोलका वाटतो.

सातपुड्याच्या या पायथ्यावर नरनाळ्याची सावली आहे. किल्ला ज्याच्या हाती, सारा त्याच्या खजिन्यात. १४९० मध्ये इमादशाही आली, १५७४ मध्ये निजामशाही, १५९६ मध्ये मोगल. अकबराच्या वऱ्हाड सुभ्यात नरनाळा हे एक सरकार होते. पुढे निजाम आणि नागपूरकर भोसले यांची दोअंमली सुरू झाली. धनी दोन, पीक मात्र एकच.

२९ नोव्हेंबर १८०३ रोजी जवळच्याच अडगावला वेलस्लीने भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. इतिहासात सेनापतींची नावे उरली. पण नोव्हेंबर म्हणजे शेतात ज्वारी उभी असण्याचे दिवस. घोडदळ आणि तोफा ज्या पिकातून गेल्या, त्याचा हिशेब कोणत्या बखरीत शोधायचा? त्याच वर्षीच्या देवगावच्या तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेचा बहुतेक मुलूख निजामाकडे गेला, १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आला. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने (१८६१-६५) कापसाचे भाव चढले आणि इथल्या काळ्या मातीचा संबंध थेट मँचेस्टरशी जुळला. गाव जागचे हलले नाही. बाजार मात्र दूर गेला.

अकोला-खंडवा मीटरगेजवर हिवरखेडचे स्थानक होते. रुंदीकरणासाठी २०१७ मध्ये ती गाडी थांबली. जुना मार्ग मेळघाटच्या वाघांच्या रानातून जात होता. तो टाळून नवा मार्ग हिवरखेड, सोनाळा, जामोद या बाजूने नेण्याचे ठरले. म्हणजे ज्या रानाने गावाला नाव दिले, त्याच रानाच्या रक्षणासाठी रूळ पुन्हा गावाकडे वळायचे आहेत.

गावाचा इतिहास सनावळीत सापडत नाही, असे आम्ही म्हणणार नाही. मात्र प्रत्येक सनापुढे एक प्रश्न लिहावा लागतो: त्या वर्षी पेरणी कोणी केली, आणि सुगी कोणाच्या घरी गेली? साहित्याच्या अभ्यासकाला तो टाळता येणार नाही.